ओटीतला जर्मन पक्षी

"चोर! सबनीस, तू चोर आहेस!"

हे वाक्य डॉ. गुर्जर यांनी माझ्या दुकानात, माझ्याच काउंटरवर मूठ आपटून उच्चारलं. उच्चारलं म्हणजे काय, तोफ डागली. एटोबिकोतल्या आमच्या प्लाझात डावीकडे दातांचा दवाखाना आणि उजवीकडे शवर्मावाला. दवाखान्यातल्या खुर्चीत विव्हळणारा एक पेशंट त्या आवाजाने गप्प झाला, असं नंतर तिथल्या रिसेप्शनिस्टनेच मला सांगितलं. पिअर्सन विमानतळावर उतरत आलेलं एक विमानही पुन्हा वर गेलं आणि एक घिरटी घालून आलं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण वेळ जुळते.

डॉक्टरांच्या दुसऱ्या हातात निळ्या मखमलीची पेटी होती. तिच्यात पाच खळगे. चार खळग्यांत चार नाणी, पाचवा खळगा रिकामा. "माझा पक्षी कुठाय? शेवटचा हात तुझा लागला होता," ते म्हणाले. दुकानात त्या वेळी तीन गिऱ्हाइकं होती. त्यातल्या दोघांना मराठी येत नव्हतं. पण मूठ, रिकामा खळगा आणि माझा चेहरा एवढं दिसल्यावर भाषा कुणाला लागते? दोघेही हळूच बाहेर पडले. तिसरे आमच्या मंडळाचे माजी खजिनदार होते. ते मात्र थांबले. अगदी खुर्ची ओढून थांबले.

आता दिवाळी अंकाच्या वाचकांना प्रश्न पडेल, की कॅनडात राहणाऱ्या सबनीसाच्या दुकानात जर्मनीची चांदीची नाणी काय करतात, आणि त्यांच्यासाठी एक रिटायर्ड भूलतज्ज्ञ लंडनहून, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनहून, बर्फात गाडी हाकत चोर चोर ओरडत का येतो. सांगतो.

मी मूळचा टेलिकॉम इंजिनिअर. कनाटा नावाच्या गावात एका कंपनीत होतो. एके दिवशी कंपनीने आम्हाला एका मोठ्या हॉलमध्ये बोलावलं, डोनट दिले आणि काढून टाकलं. डोनट चांगले होते. नंतर एटोबिकोत एका जर्मन म्हाताऱ्याच्या नाण्यांच्या दुकानात 'तात्पुरता' म्हणून लागलो, तो त्याचं दुकान विकत घेऊनच बसलो. म्हाताऱ्याने मला तीन गोष्टी शिकवल्या. नाणं कडेने धरायचं, म्हणजे बोटाचा घाम चेहऱ्याला लागत नाही. नाण्याची कड वाचायची, कारण जर्मन लोक तिथेही अक्षरं उठवतात आणि नकली नाणं करणारा नेमका तिथेच आळस करतो. आणि बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हळूच टिचकी मारायची. खरी चांदी गाते. खोटी खोकते. मी पुढे इतका तयार झालो, की शेजारच्या शवर्मावाल्याच्या गल्ल्यात पडणाऱ्या नाण्यांच्या आवाजावरून त्याचा धंदा कसा चाललाय ते भिंतीपलीकडून सांगायचो. त्याने शेवटी फक्त कार्ड घ्यायला सुरुवात केली.

स्मारक नाणं म्हणजे कुणाच्या तरी जयंतीला, पुण्यतिथीला सरकार काढतं ते. कायद्याने ते चलन असतं, पण ते चालवतं कोण? लग्नातल्या शालूसारखं ते ठेवून देण्यासाठीच असतं. युद्धानंतर जर्मनीने चांदीची पाच मार्कांची अशी नाणी काढायला सुरुवात केली. त्यातली सुरुवातीची पाच काढली मोजकी आणि आता मागणाऱ्यांची रांग म्युनिकपासून मॅनिटोबापर्यंत. आमच्या धंद्यात त्यांना नुसतं 'पहिली पाच' म्हणतात. एकावर नाटककार, एकावर सरदार, एकावर कवी, एकावर तत्त्वज्ञ, आणि सगळ्यांत आधीच्या नाण्यावर एक पक्षी. एका संग्रहालयाच्या शताब्दीचं नाणं आहे ते. तिथे जुन्या काळचा गरुडाच्या आकाराचा दागिना आहे, त्याचंच चित्र. मला तो पहिल्यापासून तंदूरसाठी पसरून ठेवलेल्या कोंबडीसारखा दिसत आलेला आहे. पण जर्मन गिऱ्हाइकांसमोर मी हे बोललेलो नाही. धंदा करायचाय.

डॉ. गुर्जरांकडे ही पाचही होती. कॅनडात येण्याआधी ते शिकायला जर्मनीत होते. तिथून निघताना त्यांच्या घरमालकीण आजीबाईंनी त्यांच्या हातावर पक्ष्याचं नाणं ठेवलं आणि सांगितलं, हे खर्च करू नकोस. झालं. त्या एका नाण्यापायी हा माणूस जन्मभर बाकीच्या चारांच्या मागे फिरला. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि संध्याकाळी नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये स्वतः जागं राहायचं. चौथं, म्हणजे तत्त्वज्ञाचं, मीच त्यांना मिळवून दिलं. त्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. भूलतज्ज्ञांच्या हिशेबात ही मिठीच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकून कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटात, जायचं ठरवलं. विम्यासाठी नाण्यांची किंमत लिहून हवी होती, म्हणून पेटी माझ्याकडे ठेवून गेले. मी एकेक नाणं भिंगाखाली पाहिलं, पक्ष्याच्या पंखाजवळचा बारीक ओरखडा टिपून ठेवला, पाचही पारदर्शक गोल डब्यांत बसवली आणि पेटी परत दिली. त्यांनी माझ्यासमोर उघडून पाहिली, पाचही होती. पण हिवाळ्यात पेटी उघडली तर पक्षी डबीसकट गायब. मधल्या काळात पेटी तुम्ही कुठे ठेवली होती, असं मी विचारलं, तर म्हणाले, "घरात. कपाटात. माझ्या घरात मी आणि मालती. म्हणजे आता मी चोर की मालती चोर?"

तिसरी शक्यता काउंटरच्या अलीकडे उभी होती.

मी म्हटलं, मालतीवहिनींना विचारा तरी. वहिनी तेव्हा पुण्याला बहिणीकडे गेलेल्या. डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. "तिला काही कळता कामा नये. तिला वाटतं ही नाणी म्हणजे वॉशर आहेत. मीच सांगितलंय तसं."

इथे मला आमच्या धंद्यातलं एक गुपित फोडावं लागेल. नाणी गोळा करणारा प्रत्येक नवरा घरी किंमत कमी सांगतो. जर्मन सांगतो, पंजाबी सांगतो, आपला मराठी तर पैशात सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे, त्यांनी बायकोला 'फुकट मिळालं, नाश्त्याच्या सिरियलच्या खोक्यात' असं सांगून कैसरच्या काळातलं नाणं घरात नेलं होतं. बायकोने नंतर वर्षभर त्याच कंपनीचं सिरियल आणलं. मुलं कंटाळली, पण नाणं काही पुन्हा निघालं नाही.

तर डॉक्टरांनी मला मुदत दिली. मालती परत येईपर्यंत थांबतो, मग पोलीस. आणि निघून गेले. माजी खजिनदारही उठले आणि जाता जाता म्हणाले, "माझा काही विश्वास बसलेला नाही हं, सबनीस." त्याच आठवड्यात हे वाक्य मला आणखी बऱ्याच जणांनी फोन करून ऐकवलं.

हसू नका. आमचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या पेट्या. लोक बापजाद्यांची नाणी माझ्या काउंटरवर ठेवतात आणि शेजारी ग्रोसरी आणायला जातात. पावती मागत नाहीत. मी दिली तर तिच्यातच च्युइंगम गुंडाळतात. इथे एकाने जरी 'याने बदललं' म्हटलं, की संपलं. दुकान राहतं, काउंटर राहतो, पेट्या येत नाहीत. त्या महिन्यात खरोखरच आल्या नाहीत. मी माझंच दुकान तीनदा उलटंपालटं केलं. घरच्या बेसमेंटमधल्या खोक्यांत हात घातले. एकदा तर व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी फाडून चाळणीने चाळली. सुनंदा, म्हणजे आमची मंडळी, मला विचारायची, "अहो, काय शोधताय?" आणि मी म्हणायचो, "वॉशर." मीही नवराच आहे.

आता रुचाकडे येतो. रुचा कनाटाची. सॉफ्टवेअरमधली मुलगी, तिच्या आईची आणि सुनंदाची जुनी ओळख. आमचं घर पिअर्सनपासून इतकं जवळ आहे, की सबंध ओंटारिओतले मराठी लोक आमच्याकडे विमान पकडण्यासाठी उतरतात. काही जण आमच्या घराला टर्मिनल चार म्हणतात. मागच्या सप्टेंबरात रुचाची आई, निमकर काकू, पुण्याला परत जाताना अशाच एक दिवस आमच्याकडे राहून गेल्या होत्या. त्याआधी रुचाने त्यांना नायगारा दाखवला आणि लंडनला गुर्जरांकडे एक मुक्काम केला. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि लक्षात येणं यांत चारशे एक नंबरच्या हायवेएवढं अंतर आहे.

तर हिवाळा ऐन भरात असताना रुचा एकटीच आली. पाचवा महिना होता, भावाच्या लग्नाला पुण्याला निघाली होती. मी बाहेर ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. बर्फ एवढा होता, की खणताना मला मागच्या वर्षीचं वर्तमानपत्र सापडलं. आत आलो तर चष्म्यावर वाफ. त्या वाफेतून दिसलं ते असं: दिवाणखान्याच्या मध्यभागी रुचा पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसलेली, अंगात हूडी. पदर नाही म्हणून तिने हूडीचाच ओचा करून पुढे धरलेला. आणि सुनंदा तिची ओटी भरत होती. तांदूळ पडले, हळकुंड पडलं, सुपारी पडली, मग नारळ, आणि नारळावरून घसरत एक नाणं.

मी त्या नाण्याचा आवाज ऐकला. सुपारीवर आपटून गायलं ते.

चष्म्यावर वाफ असताना दारातून मी पक्ष्याच्या पंखाजवळचा केसाएवढा ओरखडा ओळखला, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मी आवाज ओळखला, बूट न काढता गालिच्यावरून धावलो आणि "थांब!" म्हणून ओरडलो. सुनंदाला वाटलं, घराला आग लागली. मग तिचं लक्ष बुटांकडे गेलं, आणि मला वाटलं, आग परवडली असती.

मी हूडीत हात घालणार, तेवढ्यात सुनंदाने माझं मनगट धरलं. "भरल्या ओटीत हात घालायचा नाही."

मी तिथेच, वितळत्या बर्फात उभा राहून सगळं सांगितलं. डॉक्टर, पेटी, चोर, पोलीस. रुचाने नाणं चिमटीत उचलून पाहिलं आणि म्हणाली, "काका, हे तर आईचं आहे. म्हणजे लंडनच्या मालतीमावशींनी आईची ओटी भरली ना, त्यात होतं. आई म्हणाली, हे इथे चालत नाही, पुण्यात तर मुळीच चालणार नाही. म्हणून निघताना तिने सुनंदाकाकूंच्या ओटीत घातलं."

"आणि मी डब्यात टाकलं," सुनंदा म्हणाली.

डबा म्हणजे बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा. आमच्याकडच्या सगळ्या ओट्या त्यात जातात आणि त्यातूनच निघतात. ब्लाउजपिसांचं तर विचारू नका. त्यातलं एक जांभळं ब्लाउजपीस मी ओळखतो. ते गेली कित्येक वर्षं ओंटारिओभर फिरतंय, त्याचा पासपोर्ट काढला तर शिक्के मावणार नाहीत. अजून कुणी शिवायला टाकलेलं नाही. त्या डब्यात, माझ्या छपराखाली, मी व्हॅक्यूमची पिशवी चाळत होतो तिथेच माझ्या डोक्यावरच्या फळीवर, पक्षी बसला होता.

"रुचा, दे ते इकडे," मी म्हटलं.

"देणार नाही ती," सुनंदा म्हणाली. "पोटुशी मुलगी आहे. भरलेल्या ओटीतलं काढून घेतात का?"

मी डॉक्टरांची मूठ आणि काउंटर पुन्हा एकदा वर्णन करून सांगितलं. सुनंदा बधली नाही. शेवटी रुचानेच तोडगा काढला. "मग मी काकूंची भरते ना ओटी. तेच नारळ-तांदूळ चालतील?"

सुनंदाने कोर्टात निकाल द्यावा तसा विचार केला. "तांदूळ चालतील. नारळ दुसरा घे."

अशा रीतीने नाणं परत सुनंदाकडे आलं. मी हात पुढे केला. तिने पदर आवळला. "आता ते माझ्या ओटीतलं आहे. तुम्हाला कसं देऊ? ज्यांचं आहे त्यांना देईन. मालतीताई आल्या की."

नुसतं पाहायला मात्र दिलं. मी कडेने धरून भिंगाखाली घेतलं. ओरखडा होता, म्हणजे तेच नाणं. पण आता त्याला सोबतीही पुष्कळ होते. पिसांच्या रेघांत हळद बसलेली. सुपारीने घासून पक्ष्याची छाती गुळगुळीत झालेली. सत्तरएक वर्षं हे नाणं एका आजीबाईंच्या खणात आणि एका डॉक्टरांच्या मखमलीत पडून राहिलं होतं. कुणी त्याचं पाव विकत घेतलं नव्हतं, ट्रॅमचं तिकीट काढलं नव्हतं. आणि एका शरद ऋतूत ते लंडनहून एटोबिकोला तीन बायकांच्या हातून फिरलं. म्हणजे नाण्याने जे करायचं असतं, ते त्याने जन्मात पहिल्यांदा केलं. कॅटलॉगच्या हिशेबात त्याची किंमत निम्म्याच्याही खाली गेली होती. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, हळद साफ करावीशी काही वाटली नाही.

आता खरी अडचण. डॉक्टरांना फोन करून काय सांगू? तुमचा पक्षी सापडला, माझ्या घरात? मी फोन केला नाही. मालतीवहिनी पुण्याहून आल्याचं कळलं, त्या रविवारी सुनंदाने नारळ, खण, तांदूळ घेतले आणि आम्ही चारशे एकवरून लंडनला निघालो. वाटेत मी सुनंदाला सगळं कसं समजावून सांगायचं ते समजावत होतो. ती म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका."

दार डॉक्टरांनी उघडलं. 'या' म्हणाले नाहीत, पण सुनंदाच्या हातातला नारळ बघून बाजूला झाले. मालतीवहिनी आतून आल्या. प्रवासाने डोळे सुजलेले, पण खूश. सुनंदा म्हणाली, "मालतीताई, आधी ओटी भरते, मग चहा." वहिनींनी हळदीकुंकवाचं तबक आणलं. त्यात चांदीची कोयरी होती, तिच्यात हळद. आणि कुंकू होतं एका पारदर्शक गोल डबीत. ती डबी मी उन्हाळ्यात माझ्या हाताने बसवली होती. झाकण अजून घट्ट बसत होतं. माल चांगलाच वापरतो मी.

तांदूळ पडले. खण पडला. नारळ पडला. मग पक्षी पडला.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "हे कुठे मिळालं?"

"आमच्या घरी," मी म्हणालो. न बोलायचं ठरलं होतं तरी.

"म्हणजे तुझ्याच घरी होतं." या वेळी ते ओरडले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. मला वाटलं, आता आपलं दुकान शवर्मावाल्याला देऊन टाकावं.

मालतीवहिनी मात्र पदरातलं नाणं उलटंसुलटं करून बघत होत्या. "अगबाई, हे तर मीच निमकर काकूंना दिलेलं. फिरून आलं होय?"

डॉक्टर खाली बसले. वहिनींनी मग सावकाश सांगितलं. काकू निघाल्या तेव्हा घरात एकही नाणं नव्हतं. सगळीकडे कार्डच चालतं, सुट्टे येणार कुठून? पर्स पाहिली, गाडीतला कप्पा पाहिला. नाण्याशिवाय ओटी भरायची कशी? मग यांच्या कपाटातली पेटी आठवली. वॉशरच तर होते. चांदीचे असले तर बरंच, ओटीत चांदी चांगली. हे तेव्हा दुपारचे झोपले होते.

डॉक्टरांनी त्यांना आजीबाईंची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं वहिनींच्या चेहऱ्यावरून वाटलं. किंमतही सांगितली. ती ऐकताना वहिनींनी नाणं पदरातून काढलं आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवलं. ओटीतलं असं काढून देता येतं का, हा प्रश्न मी सुनंदाकडे बघून विचारणार होतो. पण ती खिडकीबाहेरचा बर्फ फार बारकाईने बघत होती.

डॉक्टरांनी नाणं डोळ्यांजवळ नेलं. अंगठा पक्ष्याच्या छातीवर. कडेने धरायचं भानही नव्हतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सबनीस, चहात साखर किती घेतोस?" ओळख एवढी जुनी, हे त्यांना माहीत नसेल का? पण मी सांगितलं, दोन चमचे. त्यांनी उठून स्वतः घातली. तीन चमचे घातले. त्यानंतर मंडळातल्या बऱ्याच जणांचे मला फोन आले, 'आमचा कधी विश्वासच बसला नव्हता' म्हणून. त्यात माजी खजिनदारांचा पहिला.

चहा होता होता डॉक्टरांनी पेटी आणली. नाटककार, सरदार, कवी, तत्त्वज्ञ, चौघेही चकचकीत, जसेच्या तसे. पाचव्या खळग्यात त्यांनी हळदीचा पक्षी ठेवला. पेटी बंद करवेना. बंद करायचे, पुन्हा उघडायचे.

"मालती, पण पाच होती ना पेटीत," ते शेवटी म्हणाले. "त्यातलं नेमकं हेच कसं उचललंस?"

वहिनी कप गोळा करत होत्या.

"बाकीच्या चारांवर पुरुष आहेत," त्या म्हणाल्या.